फळमाशीचा बंदोबस्त एकेकट्या बागेत होणार नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मे महिना निम्म्यावर आला की वर्तमानपत्रांतून एक तक्रार हटकून वाचायला मिळते. एवढे पैसे मोजून हापूसची पेटी घेतली, पिकायला ठेवली आणि कापल्यावर आत वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या. ग्राहकाचा संताप रास्तच आहे. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो : बागायतदारांनी फळमाशीचे सापळे लावावेत. देवगड तालुक्यातल्या एका गावात कातळावरची हापूसची कलमं मी सासऱ्यांच्या मागे सांभाळते आहे. सापळे आमच्याकडे दर हंगामात लागतात, माश्यांनी भरतात, आम्ही ते रिकामे करतो, पुन्हा भरतात. तरीही शेवटच्या तोडीच्या फळात अळी सापडतेच. असं का होतं, हे सल्ल्याच्या चार ओळींत कधी येत नाही, म्हणून हे पत्र जरा लांबीचं लिहिते आहे.

आधी ओळखीबद्दल. आंब्यात काहीही बिघाड दिसला की 'किडका' म्हणून मोकळं व्हायची सवय ग्राहकांना आहे, तशी आमच्याकडच्या गड्यांनाही आहे. कापल्यावर गर पांढरट, पोकळ आणि आंबट लागला तर तो साका. त्यात कीड नसते. गर चांगला आहे, पण कोय फोडल्यावर आत काळपट भुंगा निघाला, तर तो कोयीतला किडा. त्याचं अंडं कैरी लहान असतानाच घातलेलं असतं आणि बाहेरून खूण दिसत नाही. घरात पिकल्या केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं आणखी वेगळी. ती फुटलेल्या, आंबायला लागलेल्या फळावर येतात. झाडावरच्या धडधाकट आंब्याला ती भोक पाडत नाहीत. या तिन्हींवर फळमाशीचा सापळा लावून काडीचाही उपयोग नाही.

फळमाशीचं फळ ओळखायचं तर पडीचा आंबा हातात घ्यावा. गालावर कुठेतरी टाचणीने टोचल्यासारखा काळसर ठिपका दिसतो, भोवतीची साल किंचित मऊ पडलेली असते. अंगठ्याने दाबलं की ठिपक्यातून रसाचा थेंब वर येतो. तिथेच चिरलं तर सालीखाली तपकिरी, पाणचट गर आणि त्यात पांढुरक्या, बिनपायाच्या, तोंडाकडे निमुळत्या अळ्या. पूर्ण वाढलेली अळी सेंटिमीटरभर असते. ती फरशीवर ठेवली की अंगाचं कडं करते आणि एकदम सुटून उडी मारते. ही उडी एकदा पाहिली की मग ओळखायला कोणाला विचारावं लागत नाही. माशी स्वतः घरमाशीएवढीच, पण कमरेत बारीक आणि जराशी गांधीलमाशीच्या वळणाची. पाठ काळपट, तिच्यावर दोन पिवळे पट्टे, पंख काचेसारखे स्वच्छ, पोटावर काळी टी अक्षरासारखी खूण. मादीच्या बुडाशी टोकदार नळी असते. तीच फळात खुपसून ती अंडी घालते.

अंडी घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस फळ बाहेरून निर्मळ दिसतं. तोडणीच्या वेळी, प्रतवारीच्या वेळी, पेटी भरताना कितीही निरखलं तरी तो ठिपका नजरेतून सुटतो. अळी मोठी होते ती आढीत किंवा थेट गिऱ्हाईकाच्या घरी. पेटीत अळी निघाली म्हणजे बागायतदाराने जाणूनबुजून गळ्यात मारली असं दर वेळी नसतं, एवढं ग्राहकांनीही समजून घ्यावं. चौदा आणे तयारीवर, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या जरा आधी, फळ कडक असतानाच काढलं तर डंख कमी लागतो, कारण माशीला नरमायला लागलेली साल आवडते. आमच्याकडचा जुन्या लोकांचा चौदा आण्यांचा हिशेब त्या अर्थानेही पक्का आहे. पण मेच्या अखेरीस, वळवाच्या एक-दोन सरी झाल्यावर, मजूर मिळत नाहीत, फळ झाडावर रेंगाळतं, आणि माशीचं तेव्हाच फावतं.

आता तिचं चक्र पाहा. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. अळी फळात खाऊन मोठी झाली की बाहेर पडते, मातीत दोन-चार बोटं खाली जाते आणि तिथे तांबूस, तांदळाच्या टपोऱ्या दाण्याएवढा कोष करते. कोषातून माशी वर येते, आठ-दहा दिवसांत अंडी घालायच्या लायकीची होते आणि पुढच्या आयुष्यात एकेक मादी हजारावर अंडी घालू शकते. आमच्याकडे मोहोर एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो, म्हणून फळही टप्प्याटप्प्याने तयार होतं. मार्चच्या पडीच्या फळांतून निघालेल्या माश्या एप्रिलच्या फळावर येतात आणि एप्रिलमध्ये दुर्लक्ष केलेल्या फळांच्या माश्या मेमधल्या फळावर. पहिल्या तोडीला अळीचं नाव नसतं आणि शेवटच्या तोडीला ती इतकी का, याचं उत्तर झाडाखाली पडलेलं असतं. कातळावर तर हे नीट दिसतं. सगळीकडे दगड, माती काय ती कलमाभोवतीच्या आळ्यात भरलेली. अळीला जायला जागा तेवढीच. हंगामात आळ्यातली माती खुरप्याने हलकी उकरून बघावी, कोष हाताला लागतात. पावसाळ्यानंतर आळ्यांतली माती चाळवून उन्हाला दिली तर बरेच कोष उन्हाने आणि मुंग्यांनी संपतात. ही बिनखर्चाची गोष्ट आहे, आणि सर्वांत जास्त टाळली जाते.

सापळ्याकडे येते. त्यात आमिष म्हणून वापरतात ते मिथाईल युजेनॉल, एक वासाचं द्रव्य. त्यामागचा शोध आपल्याच देशात लागलेला आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ साली लिहून ठेवलं की सिट्रोनेला तेलाच्या वासाला फळमाश्या झेपावतात, आणि येतात ते सगळे नर. पुढे १९१५ मध्ये त्याने त्या तेलातलं नेमकं द्रव्य मिथाईल युजेनॉल आहे हे दाखवलं. हेच द्रव्य तुळशीतही असतं. म्हणून काही ठिकाणी तुळशीचा पाला कुटून सापळ्यात ठेवतात, आणि त्याला माश्या येतातही. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच तत्त्वावर रक्षक सापळा काढला. बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची पद्धत प्लायवूडच्या ठोकळ्याची : सहा भाग अल्कोहोल, चार भाग मिथाईल युजेनॉल, एक भाग कीटकनाशक, त्यात ठोकळा तीन दिवस भिजवायचा. असा ठोकळा अख्खा हंगाम काढतो. पूर्वी यात कीटकनाशक म्हणून सर्रास डायक्लोरव्हॉस घालत. त्यावर २०२० अखेर बंदी आली आहे, तरी जुन्या सवयीने कोणी वापरत असेल तर थांबवावं. सापळा सावलीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगावा आणि कैरी अंड्याएवढी झाली की लावावा. आंबा तयार झाल्यावर, अळी दिसल्यावर धावाधाव करून लावलेल्या सापळ्यात माश्या भरपूर पडतात, पण तोवर मादीचं काम झालेलं असतं.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. सापळ्यात येतो तो नर. फळात अंडी घालते ती मादी, आणि तिला मिथाईल युजेनॉलची ओढ नाही. नर संपवायचे ते एवढ्यासाठी, की माद्यांना जोडीदारच मिळू नये. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो. माझ्या दोन एकरांतले बहुतेक नर मी मारले आणि गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी कुंपणापलीकडच्या, बागेत सापळा नसला, तर तिथे जोडी जमलेली मादी उडून माझ्या फळावर येते. माशीला गडगा कळत नाही. उलट एखाद-दुसऱ्याच बागेत सापळे असले तर वासाने आजूबाजूचे नर तिथेच गोळा होतात, बाटल्या काठोकाठ भरतात आणि मालकाला वाटतं, मोठं काम झालं. भरलेला सापळा गावात किती माशी आहे एवढंच सांगतो. किती उरली ते त्यावरून कळत नाही. लक्ष ठेवायचं असेल तर एकरी दोन सापळे पुरतात. नरांची संख्या खरोखर खाली आणायची तर जास्त लागतात, आणि सलग लागतात : या बागेत, त्या बागेत, मधल्या पड जमिनीत, घराच्या परसात.

माझा भाचा अमेरिकेत हडसन नदीच्या खोऱ्यात राहतो. तिथे सफरचंदाच्या बागा आहेत आणि त्यांनाही फळमाशी आहे, आपल्याहून वेगळ्या जातीची. मूळची ती रानातल्या हॉथॉर्नच्या फळांवर जगत होती, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सफरचंदावर उतरली. तिथले बागायतदार झाडांवर लाल रंगाचे चिकट चेंडू टांगतात. माशीला ते पिकलेलं सफरचंद वाटतं, अंडी घालायला आलेली मादीच त्याला चिकटते. तुम्ही असं का करत नाही, असं त्याने मला विचारलं. आपली माशी मुख्यतः वासावर चालते, आणि मादीला ओढून घेईल असं मिथाईल युजेनॉलच्या ताकदीचं आमिष आपल्या हातात नाही, हे त्याचं उत्तर. अंडी तयार होण्यासाठी मादीला प्रथिनं लागतात, म्हणून प्रथिनांचं आमिष आणि त्यात किंचित कीटकनाशक असं मिश्रण खोडावर, पानांवर ठिकठिकाणी शिंपडतात. त्याचा उपयोग होतो, पण पाऊस आला की धुऊन जातं. मात्र एक गोष्ट हडसनकाठी आणि देवगडात सारखीच सांगतात : पडलेलं फळ उचला. तिथली माशी वर्षातून साधारण एकच पिढी काढते, तरी ते लोक हे कटाक्षाने पाळतात. आपल्याकडे तर हंगामातच पिढ्यांवर पिढ्या निघतात.

आणि आपण पडलेलं फळ उचलत नाही. गावातलं चित्र स्पष्ट सांगते, कोणाला दुखावायचं म्हणून नाही. निम्म्या बागा व्यापाऱ्यांनी कराराने घेतलेल्या असतात. शेवटची पेटी गेली की त्यांचे राखणदार निघून जातात. उरलेला डागी, फुटका, पडीचा आंबा कुणाचाच नसतो. मुंबईला असलेल्या भाऊबंदांच्या सामायिक सातबाऱ्यावर जुने रायवळ, म्हणजे कलम न केलेले गावठी आंबे, उभे आहेत. पावसाच्या तोंडावर त्यांचा खाली सडा पडतो आणि कुजतो. कॅनिंगला गेलेल्या आंब्याच्या साली-कोयी रस्त्याकडेला ओतलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यावर माश्यांचा थर. हंगाम संपला की सापळे काढून माळ्यावर टाकायचे, ही तर सगळ्यांचीच रीत. माशी मात्र संपत नाही. ती पेरूवर जाते, जांबावर जाते, चिकू आणि पपईवर जाते. शाळेच्या अंगणात, एसटी थांब्याजवळ सावलीसाठी लावलेलं देशी बदामाचं झाड तिचं आवडतं घर आहे. त्याची पिवळी-लाल फळं खाली पडतात, मुलं कठीण बी फोडून खातात, गराकडे कोणी बघत नाही. ते फळ उघडून पाहावं. पुढच्या हंगामाची माशी तिथे वाढत असते.

पावसाळ्यात मांडवावर कारली, पडवळ, काकडी असते, त्यावरही फळमाशी येते, आणि इथे आणखी एक घोळ होतो. वेलवर्गाची माशी वेगळी. तिच्या नराला मिथाईल युजेनॉल लागू नाही, क्यू ल्यूर नावाचं दुसरं आमिष लागतं. माझ्या शेजारच्या बाईंना एका दुकानातून कारल्यासाठी आंब्याच्याच सापळ्यातली आमिषाची गोळी दिली गेली. सापळ्यात माश्या पडत राहिल्या, कारण बाजूलाच पेरू होता, आणि कारली वाकडी होऊन पिवळी पडतच राहिली. त्या बाईंनी सापळ्यावरचा विश्वासच सोडला. दुकानदाराने विकताना 'कशावर लावणार' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

फवारणीबद्दलही बोललं पाहिजे. अळी दिसली की तोडणी तोंडावर असताना औषध मारणारे लोक आहेत. गराच्या आत बसलेल्या अळीला ते औषध पोचत नाही, आणि खाणाऱ्याच्या पोटात त्याचा अंश जातो. त्यापेक्षा फळ अंड्याएवढं असताना कागदी पिशवी घालणं कितीतरी चांगलं. वर्तमानपत्राच्या कागदाच्या, पंचवीस बाय वीस सेंटिमीटरच्या पिशव्या घरी बसून करता येतात. आमच्या वाडीतल्या बायका त्या करतात आणि त्यांना चार पैसे मिळतात. पिशवीतलं फळ डागाविना, एकसारख्या रंगाचं निघतं आणि मादीला सालीपर्यंत पोचताच येत नाही. उंच, जुन्या झाडांवर हे जमत नाही, मजुरीही बरीच जाते, हे खरं आहे. छाटणी करून उंची कमी केलेल्या कलमांवर आणि चांगल्या दराच्या फळांना तरी ते करावं.

या माशीची किंमत काय, हे आपण एकदा अनुभवलं आहे. युरोपात गेलेल्या मालात फळमाशी आणि इतर किडी सापडत राहिल्या, म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली. आंब्याबरोबर कारलं, पडवळ, वांगं आणि अळूवरही बंदी आली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या हंगामाआधी उठली, पण तोवर एक हंगाम हातचा गेला होता आणि तोही ऐन तोडणीच्या दिवसांत. जपानने आपला आंबा २००६ पर्यंत कैक वर्षं घेतला नव्हता, त्यालाही कारण हीच माशी. आता जपानला पाठवायचा तर उष्ण बाष्पाची प्रक्रिया, युरोपला उष्णजल प्रक्रिया, ४८ अंशांच्या पाण्यात तासभर, आणि अमेरिकेला विकिरण, म्हणजे फळावर किरणांचा मारा. लासलगावच्या केंद्रातून २००७ साली अमेरिकेला पहिला आंबा गेला तो असाच. या प्रक्रियांचा खर्च फळावर चढतो. शिवाय हापूस नाजूक, तापमान जरा वर गेलं की साल भाजते. मोठे निर्यातदार हे करतील. दोनशे पेट्यांचा बागायतदार काय करणार? त्याला माशी बागेतच अडवावी लागणार, आणि ती त्याच्या एकट्याने अडणार नाही.

असं होऊ शकतं याचा दाखला जपाननेच घालून दिला आहे. आपल्या आंब्यावरची हीच माशी ओकिनावा आणि आसपासच्या बेटांवर होती. मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकाने भिजवलेले तुकडे त्यांनी सगळ्या बेटांवर, बाग-रान-वस्ती न पाहता पसरले आणि १९८६ पर्यंत ती देशातून नाहीशी केली. त्याआधी १९६० च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर हेच करून दाखवलं होतं. ती बेटं होती, बाहेरून माशी सहज येत नव्हती. कोकण बेट नाही. आपल्याकडून ती समूळ जाईल असं मी म्हणत नाही. पण खाडी, डोंगर आणि उघडा कातळ यांमध्ये वसलेली आमची कितीतरी गावं एकमेकांपासून बऱ्यापैकी तुटक आहेत. अशा एका गावाने एकाच आठवड्यात सगळीकडे सापळे लावले, पडीचं फळ रोज गोळा केलं आणि हे दोन-तीन हंगाम टिकवलं, तर माशी बरीच कमी होईल, असं मला वाटतं.

गोळा केलेल्या फळाचं काय करायचं, हेही अनेकांना नीट माहीत नसतं. नुसतं उकिरड्यावर टाकलं तर अळी तिथेच मातीत जाते. निदान दोन-अडीच फूट खड्डा घेऊन वर मातीचा चांगला दाबलेला थर द्यावा. कातळावर खड्डा शक्य नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, चार-सहा दिवस कडक उन्हात ठेवावं. आतली उष्णता अळीला पुरेशी असते. उकडून गुरांना घातलं तरी चालतं, कच्चं मात्र घालू नये, कारण गुरांनी सांडलेल्या फळातून अळ्या निसटतात.

माझी मागणी अशी. ग्रामसभेत ठराव करून आंबा उत्पादक गावांनी सापळ्यांचा एक दिवस ठरवावा आणि त्यात गावाबाहेर असलेल्या मालकांची, बेवारस रायवळांची आणि शाळेतल्या बदामाची झाडंही धरावीत. करारपत्रात व्यापाऱ्यावर अट घालावी की शेवटच्या तोडीनंतर झाडाखालची फळं उचलून पुरल्याशिवाय अनामत परत मिळणार नाही. हे आम्ही बागायतदार स्वतःच करू शकतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. सापळ्यांसाठी जे काही अनुदान द्यायचं ते कृषी विभागाने सुट्या अर्जदारांना न देता सलग क्षेत्राला, अख्ख्या वाडीला द्यावं. कॅनिंगच्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावली जाते, हे ग्रामपंचायतींनी पाहावं.

आणि आपल्या दैनिकाकडे एक विनंती. फळमाशीचा सल्ला मे महिन्यात, अळी निघाल्यावर छापू नका. कैरी अंड्याएवढी होते तेव्हा, म्हणजे पहिल्या मोहोराच्या बागांसाठी फेब्रुवारीत, शेतीच्या पानावर तो ठळक द्या, आणि पुन्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात, सापळे उतरवू नका आणि झाडाखालचं शेवटचं फळ उचला, एवढ्या दोन ओळी तरी छापा.

आपली,
एक आंबा बागायतदार,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग